खान्देशातून श्रीलंका, कमी खर्चात: ४५ अंशांची सवय तिथे चालत नाही

मे महिन्यात जळगाव-भुसावळकडे पारा ४५ च्या आसपास जातो. त्यामुळे कोलंबोचे ३१-३२ अंश वाचून खान्देशी माणूस निर्धास्त होतो आणि तिथेच फसतो. आपलं ऊन कोरडं. घाम आला की वाळतो, आणि वाळताना अंग थंड करतो. श्रीलंकेच्या किनाऱ्यावर हवेत आधीच इतकी वाफ असते की घाम नुसता गळत राहतो. मीठ-पाणी जातं, अंग मात्र तापलेलंच. एसी गाडी आणि एसी खोली परवडत नसेल तर दिवसभर याच हवेत काढायचा आहे, म्हणून सगळी आखणी त्याभोवतीच करा.

आधी महिना ठरवा. या बेटावर दोन वेगवेगळे पावसाळे आहेत. मे ते सप्टेंबर नैऋत्य मोसमी पाऊस पश्चिम आणि दक्षिण किनारा झोडपतो. तेव्हा पूर्वेकडे त्रिंकोमाली, अरुगम बे कोरडं असतं. डिसेंबर ते मार्च दक्षिण किनाऱ्यावरचं गॉल, मिरिसा आणि डोंगराळ भाग चांगला. दिवाळीची सुट्टी मोकळी असते खरी, पण ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये बहुतेक ठिकाणी दुपारनंतर गडगडाटी पाऊस येतो. त्यापेक्षा कापूस घरात आल्यावर, फेब्रुवारीत निघा. शाळेच्या सुट्टीमुळे मे महिनाच हाती असेल तर सरळ पूर्व किनारा धरा.

मुंबईहून विमान आहेच, पण दुसरीही वाट आहे. नवजीवन एक्सप्रेस नंदुरबार, जळगाव, भुसावळवरून थेट चेन्नईला जाते, आणि चेन्नईहून कोलंबो विमानाने दीड तासाच्या आत. दोन्ही तिकिटांची बेरीज करून मुंबईच्या भावाशी ताडून पाहा. कधी ही वाट स्वस्त पडते, कधी ती. चेन्नई सेंट्रलहून मेट्रो विमानतळापर्यंत जाते. फक्त गाडी पोचण्याच्या वेळेला चिकटून विमान घेऊ नका. एक रात्र मध्ये ठेवा. विमान चुकलं तर वाचवलेले सगळे पैसे एका झटक्यात जातात.

प्रवेशासाठी ईटीए, म्हणजे देशात शिरण्याची परवानगी, निघण्याआधीच ऑनलाइन काढा, पण सरकारी संकेतस्थळावरूनच: ईटीए डॉट गव्ह डॉट एलके. तशाच दिसणाऱ्या खासगी साइट्स त्यावर आपली दलाली लावतात. परतीच्या तिकिटाची छापील प्रत जवळ असू द्या. डेबिट कार्डावर परदेशातला वापर बँकेच्या ॲपमधून चालू करून घ्या. बहुतेक कार्डांवर तो बंदच असतो. फेब्रुवारी २०२४ पासून तिथे यूपीआय सुरू झालंय, मात्र गावातल्या बस कंडक्टरला आणि भाताच्या टपरीवर रोख नोटाच लागतात.

पिशवी ३५ ते ४० लिटरची, भरून ७ किलोच्या आत. स्वस्त विमान कंपन्या केबिनमध्ये साधारण तेवढंच चालू देतात आणि काउंटरवर जास्तीचं वजन महाग पडतं. घरी ताणकाट्याला लटकवून पाहा. आपल्याकडे सुती कपडा उत्तम. तिथे तो रात्रभर दोरीवर टाकूनही सकाळी ओलसरच निघतो. दोन-तीन पातळ पॉलिस्टरचे टी-शर्ट, एक सैल पँट, एक अर्धी पँट, आतले कपडे चार जोड, बस. टॉवेलऐवजी पंचा घ्या; सुती असला तरी पातळ म्हणून लवकर वाळतो. न्युवारा एलिया १,८०० मीटरपेक्षा उंच आहे, तिथल्या रात्रीसाठी एक स्वेटर. पिशवीच्या रेनकव्हरवर विसंबू नका, पाणी पाठीच्या बाजूने आत जातं. आतून जाड कचऱ्याची पिशवी लावा, सामान भरा, तोंड पीळ देऊन खाली दुमडा.

ओल्या चड्डीत दिवसभर फिरलं की जांघेत आधी चोळवटतं, मग नायटा येतो. संध्याकाळी धुऊन अंग पूर्ण कोरडं करा, रात्री सैल घालून झोपा. खाज सुरू झालीच तर बुरशी मारणारं साधं क्लोट्रिमॅझोल मलम लावा. मेडिकलवाल्याने दिलेलं 'लगेच आराम' मलम बहुतेक वेळा स्टेरॉइडमिश्रित असतं. खाज थांबते, पण बुरशी खाली पसरत राहते.

दिवसाची वाटणी अशी करा: चालणं, चढणं सकाळी ६ ते १०. साडेतीनपर्यंत सावली, जेवण, झोप किंवा बसचा प्रवास. मग पुन्हा बाहेर. वर्षभर सूर्य सहाच्या सुमारास मावळतो, हे धरून चाला. शरीराला या हवेची सवय व्हायला आठवडा-दोन आठवडे लागतात, म्हणून पहिल्या तीन दिवसांत मोठा चढ नको. लघवी गडद पिवळी झाली किंवा डोकं ठणकायला लागलं की थांबायचं. नुसतं पाणी ढोसून भागत नाही. ओआरएसचं मोठं पाकीट पूर्ण एक लिटर पाण्यात टाका, पेल्याभर पाण्यात नाही. पाकीट नसेल तर एका लिटरला सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ, चमचा चहाचा. रस्त्यावर थंबिली नावाचा केशरी नारळ सगळीकडे मिळतो. तो प्या.

घरून काय न्यायचं? शेंगदाण्याची कोरडी चटणी घट्ट झाकणाच्या डब्यात टिकते. शेव दोन दिवसांत मऊ पडते, कळण्याच्या भाकरीला तिथल्या दमट हवेत लवकर बुरशी येते. दोन्ही जातानाच्या रेल्वेत संपवा. तिकडे दुपारी राइस अँड करी घ्या: भात, डाळ, दोन-तीन भाज्या, सांबोल म्हणजे ओल्या नारळाची तिखट चटणी. पोटभर आणि स्वस्त. शाकाहाऱ्यांनी एवढं लक्षात ठेवा की भाजीत आणि सांबोलात सुक्या मासळीचा चुरा सर्रास असतो. 'व्हेज' म्हटलं तरी असतो. 'मालू एपा' म्हणजे मासे नकोत, 'मस एपा' म्हणजे मांस नको. ऑर्डर देतानाच दोन्ही सांगा.

फिरायला लाल सरकारी बस सगळ्यात स्वस्त. पुढची सीट भिक्खूंसाठी राखीव असते, तिथे बसू नका. कँडी ते एल्ला या डोंगरातल्या रेल्वेची आरक्षित तिकिटं झटकन संपतात. दुसऱ्या-तिसऱ्या वर्गाचं बिनआरक्षित तिकीट त्या दिवशी खिडकीवर मिळतं. डोंगरात दरडी कोसळतात, तेव्हा मार्ग चालू आहे का ते आदल्या दिवशी विचारा.

श्रीपाद शिखर (ॲडम्स पीक), २,२४३ मीटर, डिसेंबर ते मे या यात्राकाळातच चढा. तेव्हा पायऱ्यांवर दिवे असतात, चहाच्या टपऱ्याही. लोक सूर्योदयासाठी रात्री दोनच्या सुमारास चढू लागतात. घामाने भिजून वर पोचलात की थंड वाऱ्यात दात वाजतात, म्हणून एक कोरडा शर्ट प्लास्टिकमध्ये बांधून न्या आणि वर गेल्या गेल्या बदला.

खोली पंख्याची घ्या, पण आधी पंखा पूर्ण वेगात लावून पाहा आणि मच्छरदाणी पसरून भोकं तपासा. श्रीलंका २०१६ मध्ये मलेरियामुक्त जाहीर झाली. डेंग्यू मात्र आहे आणि त्याचा डास दिवसा चावतो. २० ते ३० टक्के डीट (डास पळवणारं रसायन) असलेलं मलम सकाळीच लावा. ताप आला तर फक्त पॅरासिटामॉल. आयबुप्रोफेन आणि ॲस्पिरिन अजिबात नको, डेंग्यूत रक्तस्रावाचा धोका वाढतो. दुसऱ्या दिवशीही ताप उतरला नाही तर रक्त तपासून घ्या.