उघडं क्रोमॅटिन म्हणजे चालू जनुक नव्हे

'हिस्टोनवर अ‍ॅसिटिल गट बसतो, क्रोमॅटिन उघडतं आणि जनुक चालू होतं.' डीएनए ज्यांच्याभोवती गुंडाळला जातो ती प्रथिनं म्हणजे हिस्टोन, आणि दोघांची मिळून होते ती जुळणी म्हणजे क्रोमॅटिन. नेट परीक्षेत हे वाक्य गुण मिळवून देतं. लॅबमध्ये त्याच्यावर विसंबू नका. त्यात दोन वेगळे दावे आहेत आणि दोघांचे पुरावे वेगवेगळे द्यावे लागतात. हे कळेपर्यंत माझा इतका काळ गेला की अजूनही कुणी नवीन मुलगा-मुलगी एकच आलेख घेऊन आली की माझ्या पोटात गोळा येतो.

आठ हिस्टोनभोवती १४७ बेसजोड्यांचा वेढा (हाच न्यूक्लिओसोम), दोन मीटर डीएनए काही मायक्रोमीटरच्या केंद्रकात, हे सगळं तुम्हाला येतंच. फक्त पुस्तकातला तो ३० नॅनोमीटरचा सुबक जाड धागा डोक्यातून काढून टाका. २०१७ मध्ये मानवी पेशींच्या केंद्रकात थेट पाहिलं तेव्हा ५ ते २४ नॅनोमीटर जाडीच्या, कशाही वळलेल्या साखळ्या दिसल्या. काही ठिकाणी दाट, काही ठिकाणी विरळ.

मी काम केलं ते हिमोग्लोबिनचा भाग असलेल्या बीटा-ग्लोबिनच्या जनुकसमूहावर. अकराव्या गुणसूत्रावर एप्सिलॉन, दोन गॅमा, डेल्टा आणि बीटा अशी ओळीने जनुकं आहेत आणि त्यांच्या अलीकडे, बऱ्याच अंतरावर, सगळ्यांना जोर देणारा नियंत्रक पट्टा आहे. गर्भात गॅमा चालतं, जन्मानंतर ते मिटत जातं आणि बीटा सुरू होतं. सिकलसेलमध्ये बिघाड असतो तो बीटात, म्हणून मिटलेलं गॅमा परत उघडता आलं तर रुग्णाला आधार मिळतो. गडचिरोली, नंदुरबारकडच्या वाचकांना हा आजार काय असतो ते वेगळं सांगायला नको.

आता सापळा. सावकाश वाचा.

नवा विद्यार्थी के-५६२ या रक्ताच्या कर्करोगातून आलेल्या पेशी घेतो, कारण त्या प्रत्येक लॅबच्या फ्रीजरमध्ये असतात आणि सहज वाढतात. त्यांना ब्यूटिरेट देतो, ४८ तास थांबतो. चिप (अँटिबॉडीने क्रोमॅटिनचे हवे ते तुकडे पकडून मोजण्याची पद्धत) केल्यावर गॅमाच्या प्रमोटरवर, म्हणजे जनुक जिथून सुरू होतं त्या भागावर, अ‍ॅसिटिलेशन वाढलेलं दिसतं, क्यूपीसीआरमध्ये (ठरावीक आरएनए किंवा डीएनए किती आहे ते मोजणारी चाचणी) गॅमाचा एमआरएनए, म्हणजे जनुकाची नक्कल, वाढलेला दिसतो. आणि तो लिहून टाकतो, 'क्रोमॅटिन उघडल्यामुळे जनुक चालू झालं.' या 'मुळे'ला काहीही आधार नाही.

पहिलं म्हणजे, के-५६२ मध्ये गॅमा मुळात मिटलेलं नसतंच. त्या पेशी गर्भातल्यासारखं ग्लोबिन बनवतात, शांत असतं ते प्रौढ बीटा. जे आधीच चालू आहे ते तुम्ही 'पुन्हा उघडलं' कसं म्हणणार? मिटलेलं गॅमा पाहायचं तर ह्युडेप-२ सारख्या प्रौढ वळणाच्या पेशी घ्या. सांभाळायला कटकटीच्या आहेत, तरी घ्या.

दुसरं, ब्यूटिरेट एकट्या गॅमाला ओळखत नाही. ते अ‍ॅसिटिल गट काढणारी एन्झाइमं अडवतं, त्यामुळे सगळ्या जिनोमभर अ‍ॅसिटिलेशन वाढतं, शेकडो जनुकं वरखाली होतात, पेशींचं विभाजन मंदावतं. सीक्वेन्सिंग करणार असाल तर आणखी एक घोळ: सगळीकडेच वाढ झाली की एकूण रीड्सने (वाचलेल्या तुकड्यांच्या संख्येने) भागल्यावर ती वाढ दिसेनाशी होते. ड्रोसोफिला या फळमाशीचं क्रोमॅटिन ठरावीक प्रमाणात आधीच मिसळा, मग मापाला पाया मिळतो.

तिसरं आणि सगळ्यात महत्त्वाचं, वेळ. आरएनए बनवणारं पॉलिमरेज जनुकावरून धावतं तेव्हा वाटेतले न्यूक्लिओसोम हलतात, आणि अ‍ॅसिटिल बसवणारी एन्झाइमंही चालू जनुकांकडे ओढली जातात. म्हणजे उघडेपण हे लिप्यंतरणाचं (जनुकावरून आरएनए बनण्याचं) कारण असू शकतं, तसंच त्याचा परिणामही. त्यात ग्लोबिनचा एमआरएनए फार टिकाऊ, तो साचत राहतो. ४८ तासांनी तुम्ही मोजता तो साठा. नळ कधी सुरू झाला हे भरलेल्या टाकीवरून कळत नाही.

यावरचा उपाय महाग नाही. इंट्रॉनवर (आरएनएमधून नंतर कातरून टाकला जातो तो तुकडा) प्रायमर, म्हणजे मोजायची जागा ठरवणारे डीएनएचे छोटे तुकडे, काढा, म्हणजे अजून कातरला न गेलेला, नुकताच बनलेला आरएनए मोजता येतो. १५ मिनिटं, ३० मिनिटं, एक तास, दोन तास असे नमुने घ्या आणि त्याच नळ्यांच्या जोडीने अ‍ॅसिटिलेशनही मोजा. इथे एक पथ्य कडक पाळा. इंट्रॉन जिनोमिक डीएनएमध्येही असतो, त्यामुळे डीएनए नष्ट करणारं डीनेज नीट झालं नसेल तर सुंदर पण खोटा संकेत येतो. आरएनएचा डीएनए करणारं रिव्हर्स ट्रान्सक्रिप्टेज न घातलेली नळी प्रत्येक नमुन्याला लावाच. दोन नळ्यांत क्यूपीसीआरच्या सात-आठ सायकलींचा फरक नसेल तर तो आकडा वहीत लिहू नका.

क्रम कळला तरी कारण सिद्ध होत नाहीच. त्यासाठी एकाच जागी हात घालावा लागतो. २००८ मध्ये बीसीएल११ए हे गॅमाला दाबणारं प्रथिन म्हणून पुढे आलं. ते अ‍ॅसिटिल काढणाऱ्या एन्झाइमांचं संकुल सोबत आणतं, आणि २०१८ मध्ये ते गॅमाच्या प्रमोटरवर, लिप्यंतरणाच्या सुरुवातीच्या ११५ बेस अलीकडे, थेट बसतं हे दाखवलं गेलं. २०१४ मधला प्रयोग तर मला अजूनही थरारून टाकतो: नियंत्रक पट्टा आणि गॅमा यांच्यात जबरदस्तीने वेटोळं घडवलं आणि प्रौढ लाल पेशींच्या पूर्वज पेशींमध्ये गॅमा पुन्हा चालू झालं. असे प्रयोग 'मुळे' लिहायचा हक्क देतात. २०२३ च्या अखेरीस ब्रिटन आणि अमेरिकेत मंजूर झालेली सिकलसेलची क्रिस्पर (डीएनए नेमक्या जागी कापण्याचं तंत्र) उपचारपद्धती याच रस्त्याने आली. तिच्यात बीसीएल११एचाच, लाल रक्तपेशी बनवणाऱ्या पेशींत काम करणारा, एन्हान्सर (जनुकाला जोर देणारा डीएनएचा तुकडा) कापतात.

गाईडबद्दल माझं मत ठाम आहे. तुमचा आलेख पाहून 'छान, पेपर होईल' म्हणणाऱ्यापेक्षा 'कंट्रोल कुठे आहे?' विचारून दुपार खराब करणारा गाईड निवडा. सीनियरकडून प्रोटोकॉल घ्या, पण त्यातली प्रत्येक संख्या का आहे हे विचारा, आणि त्यांना सांगता आलं नाही तर स्वतः तपासा. अँटिबॉडीचा लॉट बदलला की जुन्या लॉटशी ताडून पाहा. जिनोम ब्राउझरमध्ये दोन ट्रॅकना (जिनोमवरच्या मापांच्या आलेखपट्ट्यांना) वेगवेगळी मोजपट्टी लावून काढलेली चित्रं मला पाहवतच नाहीत.

आणि पहिल्या काही चिप कोऱ्या आल्या तर खचू नका, ते जवळजवळ सगळ्यांचंच होतं. बहुतेक वेळा दोष सोनिकेशनमध्ये, म्हणजे ध्वनिलहरींनी डीएनए तोडण्यात, असतो. प्रोब वर राहिला की नळीत फेस येतो आणि फेस आला की डीएनए तुटतच नाही. नळी बर्फात ठेवा, प्रोब खाली पण तळाला न टेकलेला ठेवा, आणि अँटिबॉडी घालण्याआधी थोडा नमुना क्रॉसलिंक (डीएनए आणि प्रथिनांना बांधणारे रासायनिक दुवे) सोडवून जेलवर चालवा. २०० ते ५०० बेसजोड्यांच्या पट्ट्यात धुकं दिसलं तर पुढे जा. वरच जाड ढीग अडकून बसला असेल तर अँटिबॉडी वाया घालवू नका, त्या दिवशी फक्त सोनिकेशनच परत करा.