टेप मशीन आणि रीपर जोडीने चालवायचंय? टाइमकोड असा लावा

आठ ट्रॅकचं जुनं टेप मशीन आणि कंप्युटरवर रीपर हे रेकॉर्डिंगचं सॉफ्टवेअर, दोन्ही सोबत चालवायचं असेल तर आधी एक पक्कं करा, मास्टर टेपच. रीपर क्षणात पाहिजे तिथे उडी मारतो, टेपची मोटर आपल्याच चालीने फिरते, तिच्या मागे रीपरलाच धावू द्या.

पहिलं काम टेपवर टाइमकोड, म्हणजे टेप कुठे पोचली ते सांगणारा वेळेचा कोड, छापायचं. रीपरमध्ये रिकाम्या ट्रॅकवर इन्सर्ट मेनूतून टाइमकोड जनरेटर टाका, एलटीसी (आवाजाच्या रूपातला टाइमकोड) निवडा, सेकंदाला २५ फ्रेम, सुरुवात ०१:००:००:०० पासून. शून्यापासून नको, कारण थोडं मागे गेलात की कोड २३:५९:५९ होतो आणि सगळा घोळ. या ट्रॅकचा मास्टर सेंड बंद करा, थेट ऑडिओ इंटरफेसच्या (कंप्युटरमध्ये आवाज आत-बाहेर नेणारं उपकरण) एका आउटपुटला द्या, वर कुठलाही प्लगइन नको. टेपच्या आठव्या ट्रॅकवर पूर्ण टेपभर रेकॉर्ड करा, लेव्हल मीटरच्या शून्याखाली ५ ते १० डेसिबल, आणि त्या ट्रॅकचं नॉइज रिडक्शन आठवणीने बंद, नाहीतर कोड वाचताच येत नाही. सातवा ट्रॅक रिकामा सोडा. जीवावर येतं, पण कोडचा किरकिरा आवाज शेजारी झिरपतो आणि तिथे तानपुरा असेल तर तो टेक गेलाच समजा.

आता आठव्याचं आउटपुट इंटरफेसला जोडा. रीपरच्या प्ले बटणावर राइट क्लिक करा, एक्सटर्नल टाइमकोडच्या सेटिंगमध्ये सिंक चालू करा, ज्या इनपुटला आठवा ट्रॅक जोडलाय ते एलटीसी इनपुट म्हणून आणि २५ फ्रेम निवडा. प्रोजेक्ट सेटिंगमध्ये सुद्धा स्टार्ट टाइम ०१:००:००:०० ठेवा, हे बरेच जण विसरतात आणि मग टेप चालू केली की रीपर सरळ एक तास पुढे जाऊन बसतो. कोड पकडायला एखाद-दोन सेकंद जातात म्हणून गाण्याआधी निदान १० सेकंद कोड असू द्या.

फ्रेमरेट सगळीकडे एकच हवा. एकीकडे ३० आणि दुसरीकडे २९.९७ नॉन-ड्रॉप (मोजताना फ्रेमचे आकडे न गाळणारा) राहिला तर तासाला साधारण ३.६ सेकंदांचा फरक पडतो.

खरा फायदा पुढे आहे, ढोलकी-हार्मोनियमचे सहा ट्रॅक रीपरमध्ये घेतले की टेपवरचे ते सहा पुसा, आठव्याला हात लावू नका, आणि त्याच कोडवर कोरसचे नवीन सहा घ्या, वादक-गायकांना हेडफोनमध्ये आधीचं सगळं रीपरमधून ऐकू येतं. फक्त कोड जागा सांगतो, टेपची चाल सुधारत नाही, त्यामुळे दर फेरीत थोडं मागेपुढे होतंच. एक फ्रेम म्हणजे ४० मिलिसेकंद, ढोलकीच्या थापेला तेवढं लगेच कळतं. म्हणून प्रत्येक फेरीच्या सुरुवातीला आणि शेवटी एक टाळी रेकॉर्ड करा, नंतर त्या टाळ्या जुळवून ट्रॅक सरकवा, मिक्स करताना सिंक बंद.