लॉनला खत घालताय? तळ्याला महागात पडणाऱ्या या चुका टाळा

अमेरिकेतल्या मिनेसोटा राज्यात घर घेतलं की पहिल्याच मे महिन्यात आपण खताची पिशवी आणि ते पसरवायचा ढकलता स्प्रेडर आणतो. शेजाऱ्यांचं लॉन गर्द हिरवं आणि आपलं पिवळट, हे बघवत नाही. मग ऑगस्टमध्ये जवळच्या तळ्यावर पालकाच्या पातळ भाजीसारखा शेवाळाचा थर येतो. त्यात आपल्या पिशवीचाही वाटा असतो.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे ड्राइव्हवेवर सांडलेलं खत तसंच सोडणं. स्प्रेडर भरताना मूठभर दाणे पडतातच, कडेने फिरवताना फुटपाथवरही उडतात. पहिल्या वर्षी मीही ते तसेच राहू दिले. रात्री पाऊस झाला. सकाळी दाणे गायब, काँक्रीटवर फक्त फिकट ठिपके, आणि ओघळ थेट रस्त्याकडेच्या जाळीपर्यंत गेलेला. ते पाणी शुद्धीकरण केंद्रात जातं असा माझा समज होता. पण पावसाचं पाणी पाइपातून गाळल्याशिवाय ओढ्यात आणि तळ्यात उतरतं. तळं मैलभर लांब असलं तरी त्याचा काठ आपल्या दारातच आहे. दाणे कोरड्या झाडूने गोळा करून पिशवीत परत टाका, पाइप लावून धुऊ नका. इथला कायदाही ते लगेच उचलायला सांगतो.

पिशवीवरचे तीन आकडे न वाचणं ही दुसरी चूक. नत्र (नायट्रोजन), स्फुरद (फॉस्फरस), पालाश (पोटॅश) असा तो क्रम. घरच्या लॉनसाठी मधला आकडा शून्य हवा. गोड्या पाण्यातलं शेवाळ बहुतेक वेळा स्फुरदासाठीच अडून बसलेलं असतं, ते मिळालं की फोफावतं. 1970 च्या दशकात कॅनडातल्या ऑन्टॅरिओत शास्त्रज्ञांनी 226 क्रमांकाचं तळं पडदा लावून दुभागलं. नत्र आणि कर्ब (कार्बन) दोन्हीकडे घातलं, स्फुरद एकाच बाजूला. तीच बाजू हिरवी झाली. मिनेसोटाने 2004 मध्ये मिनियापोलिस-सेंट पॉल परिसरात आणि 2005 पासून राज्यभर लॉनवर स्फुरद घालण्याला बंदी केली. नवं लॉन लावताना किंवा माती परीक्षणात कमतरता दिसली, तरच सूट. गावाकडे डीएपी हे स्फुरदाचं खत टाकून पीक तरारताना पाहिलेल्यांना हे पटायला जड जातं. पण इथल्या बहुतेक अंगणांत स्फुरद आधीच पुरेसं असतं. सेंद्रिय म्हणजे निर्धोक, असंही नाही. हाडांच्या चुऱ्यात आणि कोंबडीखतात स्फुरद भरपूर असतं.

जुलैत लॉन वाळकं दिसलं म्हणून खत मारू नका. उन्हाने ते झोपी गेलेलं असतं. ऑगस्टअखेर ते सप्टेंबर हा योग्य काळ. मुसळधार पावसाचा अंदाज असेल तर थांबा. खत घातल्यावर पाव इंच पाणी द्या, म्हणजे दाणे मातीत मुरतील. गोठलेल्या जमिनीवर तर मुळीच नको.

आणि पानं! शरदात ती रस्त्यावर लोटून देणारी पुष्कळ घरं दिसतात. भिजलेल्या पानांतून चहाच्या पत्तीसारखा अर्क सुटतो, त्यातही स्फुरदच. पानं झाडून कंपोस्टला द्या. कापलेलं गवत मात्र लॉनवरच राहू द्या, त्यातलं नत्र मातीला परत मिळतं आणि खत कमी लागतं.

पाण्यावर निळसर-हिरवा, सांडलेल्या रंगासारखा तवंग दिसला तर मुलांना उतरू देऊ नका. ते शेवाळ विषारी असू शकतं. कुत्रा उतरलाच, तर अंग चाटायच्या आत त्याला स्वच्छ पाण्याने धुऊन काढा.