मेमरीतली फाइल आणि तिचा शेवटचा बाइट: सीमध्ये टेस्ट लिहायला बसणाऱ्यांसाठी

कोल्हापुरात सी शिकून कामाला लागणाऱ्याच्या हातात सुरुवातीला येणारा कोड बहुतेकदा ओळी वाचणारा नाहीतर ओळी लिहिणारा असतो. दूध संस्थेतलं फॅट मोजायचं यंत्र, शिरोलीच्या फाउंड्रीत भट्टीचं तापमान टिपणारं बोर्ड, गोकुळ शिरगावच्या मशीन शॉपमधला डेटा लॉगर, आतून सगळीकडे प्रकार तोच. असा कोड तपासायला डिस्कवर वीस-पंचवीस छोट्या फाइली करून ठेवायची पद्धत आहे. त्या फाइली आठवड्यात हरवतात, कुणीतरी एडिटरात उघडून शेवटी एंटर मारून सेव्ह करतो आणि टेस्ट कशाची होती हेच कळेनासं होतं. त्यापेक्षा डेटा टेस्टच्या कोडमध्येच लिहावा आणि मेमरीतल्या बफरलाच फाइल म्हणून उघडावं. पोझिक्सच्या (युनिक्ससारख्या सिस्टिमचं स्टँडर्ड) २००८ च्या आवृत्तीत त्यासाठी दोन फंक्शन आहेत: वाचायला-लिहायला एफमेमओपन आणि वाढत जाणाऱ्या आउटपुटसाठी ओपन-मेमस्ट्रीम.

एक अट मात्र आधी पाळावी लागते. तुमचं फंक्शन फाइलचं नाव घेत असेल तर यातलं काही जमणार नाही. त्यानं फाइल पॉइंटर घ्यायला हवा. नाव घेऊन उघडणारं फंक्शन वेगळं, ओळी फोडणारं वेगळं. एवढी फोड केली की टेस्टचं निम्मं काम झालं.

लॅबच्या विंडोजवर मिनजीडब्ल्यू (जीसीसीचा विंडोज अवतार) असेल तर ही फंक्शन मिळणारच नाहीत, आणि टर्बो सीचं तर नावच काढू नका. डब्ल्यूएसएल (विंडोजमध्येच लिनक्स चालवायची सोय) टाकून त्यात उबुंटू घ्या. मॅकवर ती १०.१३ पासून आहेत. लिनक्सवरही एक खड्डा आहे: सी-११ चा कडक स्टँडर्ड लावून कंपाइल केलं आणि पोझिक्सचा फीचर मॅक्रो (किंमत २००८०९एल) पहिल्या हेडरच्या आधी लिहिला नाही, तर एफमेमओपनचं डिक्लरेशन दिसत नाही. मग कंपायलर ते इंट परत करतं असं धरतो, ६४ बिटांचा पॉइंटर ३२ बिटांत कापला जातो आणि पहिल्याच वाचनाला प्रोग्रॅम कोसळतो. जीसीसी १४ पासून इथे सरळ एरर येते. त्याआधी नुसती वॉर्निंग यायची, आणि वॉर्निंग कोण वाचतंय!

आता उदाहरण. दूध संकलनाची एक नोंद घ्या: १०४,७.५,६.२ म्हणजे सभासद क्रमांक, लिटर, फॅट. कोडमध्ये हे साधे आस्की अंक. अकरा अक्षरं आणि नवी ओळ मिळून १२ बाइट. हा आकडा लक्षात ठेवा, पुढचं सगळं त्याच्याभोवती फिरतं.

वाचायच्या बाजूची पहिली चूक लांबीची. ॲरेत ही ओळ ठेवून एफमेमओपनला साइझऑफ दिलं तर लांबी १३ जाते, कारण शेवटचा नल बाइटही मोजला जातो. वाचताना नलला काही खास अर्थ नसतो. दिलेल्या साइझपर्यंत सगळे बाइट हा डेटाच. त्यामुळे एफगेट्स पहिल्यांदा नोंद देतं आणि दुसऱ्यांदा नल पॉइंटर न देता रिकामी स्ट्रिंग देतं. लूप एक फेरा जास्त फिरतो. एसस्कॅनएफ काय परत करतं हे पाहिलं नसेल तर जुन्याच किमती राहतात आणि १०४ नंबरच्या सभासदाचं दूध दोनदा जमा होतं. बग मूळ कोडात आहे की टेस्टमध्ये, यावर मग अर्धा दिवस जातो. खरं तर दोन्हीकडे आहे. स्ट्रलेन द्या, किंवा साइझऑफमधून एक वजा करा; आणि एसस्कॅनएफनं ३ परत केले का, हे कोडातही तपासा.

मग ती टेस्ट, जी एकटी बाकीच्या दहांचं काम करते: तुकड्यांची. त्याच १२ बाइटांवर लांबी ० पासून १२ पर्यंत एकेक वाढवत स्ट्रीम उघडायची, फंक्शन चालवायचं आणि निकाल लिहून घ्यायचा. तेरा फेऱ्या, पाच ओळींचा लूप. यंत्राची वीज मध्येच गेली किंवा केबल निघाली तर फाइल अशीच कुठेतरी तुटते. लांबी ८ पर्यंत एसस्कॅनएफला तिन्ही किमती मिळत नाहीत, म्हणजे नोंद नाकारली जाते. ९ वर काय होतं बघा. बफरमध्ये आहे १०४,७.५,६ आणि एसस्कॅनएफ खुशीत ३ परत करतं. फॅट ६.२ चा ६ झाला, एररचं नाव नाही. १० वर ६ आणि टिंब, तरीही ३. ११ वर ६.२ येतं, पण ते नशिबानं. मूळ आकडा ६.२५ असता तरी तुम्हाला ६.२ च दिसलं असतं. म्हणून नियम ठरवायचा: शेवटी नवी ओळ नसेल तर नोंद अपुरी. अपेक्षित निकाल असा की ० ते ११ सगळे नाकारले आणि फक्त १२ स्वीकारला. यंत्र शेवटच्या नोंदीला नवी ओळ देतच नसेल तर हा नियम चालणार नाही. तेव्हा शेवटी चेकसम किंवा ठरलेली खूण मागून घ्या.

लांबी ० ची टेस्ट जीलिबसीच्या (लिनक्सवरची सी लायब्ररी) आवृत्तीवर अवलंबून आहे. २.२२ च्या आधी शून्य साइझला एफमेमओपन नल पॉइंटर देऊन ईइनव्हॅल (चुकीचं आर्ग्युमेंट) ही एरर लावायचं, २.२२ पासून स्ट्रीम उघडतो आणि पहिल्याच वाचनाला ईओएफ (फाइल संपल्याची खूण) येतं. सेंटओएस ७ वर जीलिबसी २.१७ आहे, त्यामुळे तिथल्या जुन्या बिल्ड सर्व्हरवर तुमची टेस्ट पडेल आणि लॅपटॉपवर पास होईल. रिकाम्या फाइलसाठी टीएमपीफाइल (तात्पुरती खरी फाइल देणारं फंक्शन) वापरा, भांडणच मिटतं. आणि हो, लूपच्या अटीत एफईओएफ लिहिलं असेल तर ते इथे उघडं पडतं: वाचायचा प्रयत्न फसल्याशिवाय ते खरं होत नाही, त्यामुळे रिकाम्या फाइलवरही लूप एकदा फिरतो.

लिहायची बाजू जास्त फसवी आहे. १२ बाइटांचा बफर घ्या, डब्ल्यू मोडमध्ये उघडा, तीच १२ बाइटांची ओळ एफप्रिंटएफनं लिहा. १२ परत येतात. एफफ्लश शून्य देतं. एफटेल १२ सांगतं. सगळं हिरवं. आता बफरचा शेवटचा बाइट छापून बघा: तिथे नवी ओळ नाही, नल आहे. जीलिबसी फ्लश करताना शेवटी नल ठेवायला जागा शोधतं, आणि जागा नसेल तर या मोडमध्ये तुमच्या शेवटच्या बाइटवरच ठेवून देतं. असे दोन बफर स्ट्रिंग म्हणून एकापुढे एक जोडले तर होतं १०४,७.५,६.२१०५,६.०,५.८. म्हणजे १०४ नंबरच्या सभासदाच्या दुधाचं फॅट ६.२१०५ आणि १०५ नंबरचा सभासद बिलातून गायब. साइझ नेहमी डेटापेक्षा एकानं जास्त द्या, इथे १३.

याच्या टेस्ट तीन: १२ च्या बफरमध्ये ११, १२ आणि १३ बाइट. ११ ला सगळं जागेवर असायला हवं. १२ ला वरचा प्रकार दिसतो. १३ ला एफप्रिंटएफ तरीही १३ च परत करतं, कारण बाइट अजून स्टँडर्ड लायब्ररीच्या स्वतःच्या बफरमध्ये आहेत. एरर येते ती एफफ्लशला. म्हणून लिहिणाऱ्या कोडनं एफफ्लशचं आणि एफक्लोजचं उत्तर तपासलंच पाहिजे, नाहीतर भरलेल्या डिस्कवरही तो “जतन झालं” म्हणेल. एररची खात्री ईओएफ आणि एफएरर यांवरून करा, एररनोवरून (शेवटच्या एररचा क्रमांक ठेवणारं व्हेरिएबल) नको. काही बाइट बसले आणि काही नाहीत अशा अर्धवट वेळी जीलिबसीवर एररनोमध्ये ईनोस्पेस (जागा संपली) मिळेलच असं नाही. चूक नेमक्या ओळीला पकडायची असेल तर उघडल्या उघडल्या सेटबफला नल देऊन बफरिंग बंद करा; फक्त त्याच टेस्टपुरतं, कारण खरा प्रोग्रॅम बफरिंगसह चालणार आहे.

ॲड्रेस सॅनिटायझर (मेमरीच्या चुका पकडणारा कंपायलरचा पर्याय) लावलाय म्हणून निर्धास्त होऊ नका. बफर १२ चा आणि चुकून साइझ ३२ दिली, तर जास्तीचे बाइट सी लायब्ररीच्या पोटात लिहिले जातात आणि सॅनिटायझरनं तपासणी पेरलेली असते ती तुमच्या कोडात. त्यामुळे बफरच्या पुढे १६ बाइट जास्त ठेवा, ते सगळे हेक्स ए५ नं भरा आणि शेवटी मेमसीएमपीनं तसेच आहेत का बघा. बफर मॅलॉकनं घेतलेला असेल तर व्हॅलग्राइंड (प्रोग्रॅम चालवून मेमरी तपासणारं टूल) हेही असं लिखाण पकडतं.

ओपन-मेमस्ट्रीममध्ये साइझची कटकट नाही, बफर आपोआप वाढतो. पण पॉइंटर आणि लांबी या दोन्ही किमती एफफ्लश किंवा एफक्लोजनंतरच खऱ्या, आणि पुढे काही लिहिलं की पुन्हा बिनभरवशाच्या. पॉइंटरची कॉपी काढून ठेवणारा कोड दहा-वीस बाइटांच्या टेस्टमध्ये बिनधास्त पास होतो, कारण बफर हललेलाच नसतो. टेस्टमध्ये एकदा थोडं लिहून फ्लश करा, मग शंभर केबी लिहा. जुना पॉइंटर वापरणारा तेव्हाच सापडतो. काहीच न लिहिता बंद केलं तर लांबी ० आणि रिकामी स्ट्रिंग मिळायला हवी, हेही बघा. एफसीकनं मागे जाऊन मथळ्यातली एकूण संख्या दुरुस्त करत असाल तर बंद करण्याआधी शेवटच्या जागी परत या. पोझिक्सच्या नियमानं लांबी मिळते ती चालू जागेपर्यंतचीच. बंद केल्यावर फ्री तुम्ही करायचं, त्याआधी नाही.

आर प्लस (वाचायला आणि लिहायलाही) मोडमध्ये लिहिल्यावर वाचायचं तर मध्ये एफसीक किंवा एफफ्लश हवंच, आणि वाचल्यावर लिहायचं तर एफसीक. हा सीचाच नियम. एफमेमओपनमध्ये साइझच्या पलीकडे एफसीक केलं तर ते फसतं, खऱ्या फाइलवर चालतं. ओपन-मेमस्ट्रीमवरही चालतं आणि मधली जागा नलनं भरते. फाइलनो (फाइलचा डिस्क्रिप्टर क्रमांक) मागितला तर उणे एक मिळतो, म्हणून एफसिंक किंवा फाइल लॉक करणारा कोड इथे तपासता येत नाही.

वाचता वाचता येणारी एररही मेमरी स्ट्रीम देऊ शकत नाही. तिथे फक्त ईओएफ असतं. “फाइल संपली” आणि “वाचन फसलं” यांत तुमचा कोड फरक करतो का हे बघायला जीएनयूचं एफओपनकुकी घ्या: वाचणारं फंक्शन आपण लिहायचं, पहिल्यांदा ५ बाइट द्यायचे, दुसऱ्यांदा उणे एक. लिहायच्या बाजूला लिनक्सवर डेव्ह-फुल (कायम भरलेली असल्याचं भासवणारी खास फाइल) उघडा, फ्लशला ईनोस्पेस हमखास.

टेस्ट असर्टनं लिहीत असाल तर एफक्लोज असर्टच्या कंसात टाकू नका. रिलीज बिल्डमध्ये एनडीबग (असर्ट बंद करणारा मॅक्रो) लागलं की तो कंसच उडतो, फाइल बंदच होत नाही आणि फ्लशही होत नाही. उत्तर आधी व्हेरिएबलमध्ये घ्या, मग असर्ट.

मुलाखतीला जाताना यातलं काही दाखवायचं असेल तर तुकड्यांच्या टेस्टचा तेरा ओळींचा निकाल दाखवा: डावीकडे लांबी, मध्ये बफरमध्ये काय होतं, उजवीकडे स्वीकारलं की नाकारलं. दुरुस्तीच्या आधीचा आणि नंतरचा, दोन्ही. समोरचा माणूस लांबी ९ च्या ओळीवर थांबून प्रश्न विचारेल. एसस्कॅनएफ तिथे ३ का देतं ते त्याला सांगता आलं पाहिजे.