वाटीभर वरणात प्रोटीन किती?

तुरीच्या डाळीत शंभर ग्रॅमला २२ ग्रॅम प्रोटीन असतं, हे जिमला जाणारं कुठलंही पोरगं सांगेल. पण हा आकडा कच्च्या, कोरड्या डाळीचा आहे. ताटात येतं ते वरण, आणि वरणात डाळ कमी, पाणी जास्त.

लातूरला मेसवर जेवून व्यायाम करायचो तेव्हा मी बराच काळ याच आकड्यात अडकून पडलो होतो. स्क्वॅटचं वजन वाढत होतं, बेंचचंही वाढत होतं, वहीत सगळं टिपलेलं होतं. दंडाचा घेर मात्र होता तिथेच. डोक्यातला हिशोब असा, की दोन्ही वेळचं मिळून चार वाट्या वरण, वाटी साधारण शंभर ग्रॅमची, म्हणजे नव्वदच्या आसपास प्रोटीन झालंच. एका संध्याकाळी मेसच्या मावशींना विचारलं, एका वेळेला डाळ किती शिजवता? मावशी म्हणाल्या, "चाळीस पोरांना किलोभर लागते बाबा." किलोला चाळीसनं भागा. माणशी २५ ग्रॅम डाळ. म्हणजे एका वेळच्या सगळ्या वरणातून साडेपाच ग्रॅम प्रोटीन, दिवसभरात अकरा. नव्वद कुठं आणि अकरा कुठं!

हे इतकं फोडून सांगतोय, कारण नव्या पोरांची मेहनत इथेच वाया जाते. स्नायू वाढवायचे तर वजनाच्या दर किलोमागे रोज १.६ ग्रॅमच्या आसपास प्रोटीन लागतं. साठ किलोच्या पोराला ९६ ग्रॅम. ज्वारीच्या एका भाकरीतून आठेक ग्रॅम मिळतं; चार भाकरी, वरण, भात, भाजी असं सगळं धरलं तरी मेसचं जेवण ४५-५० वर थांबतं. ज्वारीत लायसिन हे अमिनो आम्ल कमी असतं, ते डाळ भरून काढते, म्हणून भाकरीबरोबर वरण हवंच. त्यावर पन्नास ग्रॅम सोयावड्या (२६ ग्रॅम), तीन अंडी (१८) आणि अर्धा लिटर दूध (१६) घातलं की शंभरच्या पुढे गेलात. अंडी चालत नसतील तर पनीर, दही, फुटाणे. सोयावड्यांचाही आकडा कोरड्या वजनाचाच असतो, हे विसरू नका. भिजवल्यावर त्या तिप्पट जड होतात, आत वाढतं ते फक्त पाणी. आधी तोला, मग भिजवा. शेंगदाण्याचं उलटं आहे. शंभर ग्रॅमला २५ ग्रॅम प्रोटीन खरं, पण सोबत जवळजवळ ५७० कॅलरी येतात, म्हणून ज्याला पोट सुटायची भीती आहे त्यानं मूठभरावर थांबावं.

लातूरच्या आडतीत सोयाबीनचे ढीग लागतात आणि त्याच गावातली पोरं उधारी करून गेनरचा, म्हणजे वजन वाढवायच्या पावडरीचा, डबा घेतात, याचा मला आजही राग येतो. डबा घ्यायच्या आधी मागची यादी वाचा. घटक वजनाच्या उतरत्या क्रमानं छापलेले असतात, आणि गेनरमध्ये बहुतेक वेळा पहिलं नाव माल्टोडेक्स्ट्रिन असतं. म्हणजे स्वस्त पिठूळ साखरच. व्हे प्रोटीन वाईट नाही, पण ते दुधाचंच प्रोटीन आहे, त्यात जादू काही नाही. क्रिएटिन मोनोहायड्रेट रोज ३ ते ५ ग्रॅम, एवढ्या एका पावडरीवर खर्च केलात तर मी अडवणार नाही. किडनीचा त्रास असेल तर मात्र आधी डॉक्टरांना विचारा. जो ट्रेनर पहिल्याच आठवड्यात डबा विकतो त्याच्यापेक्षा तालमीतला म्हातारा वस्ताद बरा. त्याला प्रोटीनचे ग्रॅम माहीत नसतील, पण बैठक मारताना तुमची टाच उचलली तर त्याला लांबून दिसते. रुस्तुम-ए-हिंद पैलवान हरिश्चंद्र बिराजदार याच जिल्ह्यातले, निलंगा तालुक्यातल्या रामलिंग मुदगडचे. चांगली नजर आपल्या मातीत आहे, ती शोधा.

इंजेक्शनबद्दल आडपडदा ठेवत नाही. स्टेरॉइडचा "कोर्स" लावू नका. बाहेरून टेस्टोस्टेरॉन, म्हणजे पुरुषी हार्मोन, आलं की मेंदू आतलं बनवायचा हुकूम थांबवतो, वृषणं आकसतात, शुक्राणू घटतात, आणि कोर्स संपल्यावर सगळं पूर्ववत होईलच याची खात्री नाही. चांगलं कोलेस्टेरॉल पडतं, हृदयाचा स्नायू जाड होतो, गोळ्यांनी यकृताला मार बसतो. आणि मेफेन्टरमाइनचं इंजेक्शन, ज्याला पोरं "टर्मिन" म्हणतात, ते ऑपरेशनच्या वेळी पडलेला रक्तदाब वर आणायचं औषध आहे. धडधाकट माणसानं ते टोचून पन्नास किलोचा सेट मारणं म्हणजे हृदयाशी खेळ आहे. हे देणारा कितीही जवळचा असो, त्याच्यापासून लांब राहा.

व्यायामाचं फार अवघड नाही, घाबरू नका. आठवड्यातून तीन-चार दिवस. स्क्वॅट, डेडलिफ्ट, बेंच, खांद्याचा प्रेस, रोइंग, पुलअप. प्रत्येक स्नायूला आठवड्यात दहाएक सेट, दोन दिवसांत वाटून, आणि सेट असा की शेवटी अजून एक-दोनच आवर्तनं (रेप) निघतील असं वाटावं. वहीत लिहा: "स्क्वॅट ४० किलो, ८-८-७", म्हणजे तीन सेटमध्ये आठ, आठ आणि सात आवर्तनं. पुढच्या वेळी ८-८-८ करायचे, मग अडीच किलो चढवायचे. रोज नवा व्हिडिओ बघून नवा व्यायाम करणाऱ्याला आपण पुढे जातोय की मागे, हेच कळत नाही. झोप सात-आठ तास. महिन्याला किलोभर वजन वाढलं तरी नवख्यासाठी भरपूर झालं.

आपल्याकडे अजून एक अडचण असते. पत्र्याच्या शेडमधल्या जिमला मे महिन्यात दुपारी पाय ठेववत नाही, तेव्हा पहाटेच उरका आणि पाण्याबरोबर चिमूटभर मीठही पोटात जाऊ द्या. जूनमध्ये पेरणीला गावाकडं गेलात की तीन-चार आठवडे सुटतात. सुटू द्या. कमावलेला स्नायू नव्यानं बांधण्यापेक्षा लवकर परत येतो. आल्यावर पहिल्या आठवड्यात निम्म्या वजनावर सेट मारा, दुसऱ्या आठवड्यात वहीतलं जुनं पान उघडून थोडं थोडं चढवत जा, आणि गावाकडून येताना आईनं भाजून दिलेले फुटाणे पिशवीत घेऊन या.