कोकणातील अंगणात पौर्णिमेचे वर्तुळ
विक्का हा निसर्गपूजक पंथ जेराल्ड गार्डनर यांनी १९५० च्या दशकात इंग्लंडमध्ये लोकांसमोर आणला. त्यातील पौर्णिमेचा विधी मी रत्नागिरीजवळच्या घरी एकटीने करते. चंद्र माडांच्या वर आला की सारवलेल्या अंगणात उत्तरेला जांभ्याचा खडा, पूर्वेला ऊद, दक्षिणेला पणती आणि पश्चिमेला करवंटीत समुद्राचे पाणी ठेवावे. पृथ्वी, वायू, अग्नी आणि जल यांच्या या दिशा पंथात रूढच आहेत. मात्र आपल्याकडे समुद्र खरोखर पश्चिमेला असल्यामुळे आणि पौर्णिमेच्या उधाणाची गाज अंगणापर्यंत ऐकू येत असल्यामुळे जलतत्त्वाला आवाहन करताना वेगळी कल्पना करावी लागत नाही, आणि विधीचा हाच भाग मला सर्वांत प्रिय आहे. प्रदक्षिणेच्या दिशेने तीन फेऱ्या घालून वर्तुळ आखावे, मध्यभागी शांत बसावे आणि संकल्प स्पष्ट शब्दांत उच्चारावा. दुसऱ्याच्या इच्छेविरुद्ध काहीही मागू नये. उठताना उलट फेऱ्या घालून वर्तुळ मोडावे. पावसाळ्यात पडवी पुरते. देवराईत मात्र हा विधी करू नये, कारण ती जागा गावाच्या देवाची आहे आणि तिथे गाऱ्हाणे घालण्याची रीत गावाने ठरवलेली असते.