पाणी दिलेलं पोलाद तडकतं का? या चुका टाळा

छिन्नी लालभडक तापवली, पाण्यात बुडवली, की पाणी देण्याचं काम झालं असं अनेक जण समजतात. मग पहिल्याच घावाला टोक उडतं आणि दोष पोलादाच्या माथी येतो.

गोष्ट अणूंच्या मांडणीची आहे. थंड लोखंडाच्या अणूंच्या जाळीत कार्बनला जवळपास जागाच नसते. ०.८ टक्के कार्बनचं पोलाद ७२७ अंश सेल्सिअसच्या वर गेलं की जाळी बदलते आणि सगळा कार्बन तिच्यात मावतो. सावकाश निवू दिलं तर तो बाहेर पडतो आणि पोलाद मऊ राहतं. झटक्यात थंड केलं तर कार्बन आतच अडकतो, जाळी ताणली जाते. हे मार्टेन्साइट: अतिशय कठीण, तितकंच ठिसूळ.

म्हणून सगळ्यात घातक चूक म्हणजे टेम्परिंग, म्हणजे ठिसूळपणा कमी करायला पुन्हा बेताचं तापवणं, उद्यावर ढकलणं. आतला ताण एवढा असतो की नुसतं पडून राहिलेलं हत्यारही तडकू शकतं. हाताला सोसेल इतकं निवलं की लगेच टेम्पर करा. पृष्ठभाग घासून चकचकीत करा आणि हळूहळू तापवा. २२० अंशांच्या आसपास फिकट पिवळा रंग येतो, २८० च्या सुमारास जांभळा, ३०० ला निळा. छिन्नीला मी जांभळ्यावर थांबतो. थोडी कठिणता गेली तरी चालेल, पण टोक तुटून डोळ्यात उडता कामा नये.

दुसरी चूक ग्राइंडरवर होते. धार निळी पडली की तिथला कार्बन जाळीतून सुटलेला असतो. ‘पाण्यात बुडवली, आता ठीक’ हा निव्वळ गैरसमज आहे. ३०० अंशांवरून थंड करून काहीच परत येत नाही. निळा भाग थंड ठेवत घासून काढा, नाहीतर पुन्हा पहिल्यापासून पाणी द्या.

पाणी देताना जास्त तापवलं तर पोलादातले स्फटिकांचे कण वाढतात. तुटलेल्या जागी खडीसाखरेसारखे चमकते दाणे दिसले तर हेच झालंय. चुंबक चिकटेनासं झालं की त्याहून थोडंच वर न्या. बिघडलेला तुकडा पुन्हा चुंबक सुटण्याच्या थोडंच वर तापवून हवेत निवू द्या, मग पाणी द्या.

गाडीच्या कमानपाट्याचं हत्यार मात्र तेलातच बुडवा. त्यातल्या मिश्रधातूंमुळे कार्बनला सुटायला वेळ लागतो, त्यामुळे तेलाचा वेग पुरतो. पाण्यात ते चिरतं. आणि साध्या एमएसच्या (माइल्ड स्टील, म्हणजे कमी कार्बनचं पोलाद) सळईची छिन्नी करायला जाऊ नका, तिच्यात अडकवायला पुरेसा कार्बनच नसतो.